खाजणी बेटांची कड मोजताना: चेसापीक उपसागरातला एक आठवडा

सोमवार, क्रिसफील्ड

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरचं, चेसापीक उपसागराला लागून असलेलं क्रिसफील्ड हे गाव बरंचसं कालवांच्या टरफलांवर उभं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कालवं सोलून डबाबंद करण्याचा धंदा इतका फोफावला की टरफलांचे ढीग पाण्यात लोटून बंदराकडची जमीन पुढे सरकवली गेली. जुन्या नकाशावर जिथे पाणी, तिथे आज रस्ता. आम्ही मोजायला आलो होतो ते नेमकं उलटं होतं. समोरच्या बेटांवर जुन्या नकाशात जिथे जमीन दिसते, तिथे आज बोटी चालतात.

समोरची बेटं म्हणजे स्मिथ, टँजियर आणि उत्तरेकडची आता निर्मनुष्य झालेली बेटं. इथे खडक नाही, टेकडी नाही. खारं गवत, त्याच्या मुळांचा आणि गाळाचा थर, मध्येमध्ये जरा उंच असलेल्या कोरड्या जमिनीचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर दाटीवाटीने घरं. भरतीच्या पाण्यापासून उंची बहुतेक ठिकाणी मीटरभरसुद्धा नाही. अशी जागा नकाशावर दाखवायची तर तिची कड नक्की कुठे काढायची, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी टेबलावर आला आणि आठवडाभर तिथेच राहिला.

टेबलावर होत्या टी-शीट, म्हणजे किनाऱ्याचे जुने सरकारी सर्वेक्षण-नकाशे. अमेरिकेचा कोस्ट सर्व्हे १८०७ साली स्थापन झाला आणि शतकाच्या मध्यावर त्याच्या माणसांनी हा उपसागर होडीने आणि पायी पालथा घातला. तिपाईवर प्लेन टेबल, म्हणजे सपाट फळी, त्यावर ताणलेला कागद, समोर पट्टी धरून उभा असलेला माणूस. ॲलिडेड या नेम धरायच्या दुर्बिणीतून त्याच्याकडे बघायचं, अंतर काढायचं आणि किनारा जागच्या जागी कागदावर उतरवायचा. प्रमाण १:१०,००० किंवा १:२०,०००. यातल्या दुसऱ्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर १० मीटर. तरीही हे नकाशे इतके नेटके आहेत की बघत राहावंसं वाटतं. चिखलात गुडघाभर रुतून, डास मारत मारत ज्याने ही वळणं काढली, त्या माणसाबद्दल मला आमच्या उपग्रहांपेक्षा जास्त आदर आहे.

त्याच्याही आधीचा नकाशा आहे. कॅप्टन जॉन स्मिथ १६०८ मध्ये इथून गेला, त्याचा नकाशा १६१२ मध्ये छापला गेला. या बेटांना त्याने रसेल आइल्स म्हटलं होतं. बघायला मजेदार, मोजायला निरुपयोगी. आमच्या कामाचं शून्य वर्ष १८५० च्या आसपासचंच.

टी-शीटवरची रेघ वाचण्यात एक मेख आहे. वाळूच्या किनाऱ्यावर ती रेघ म्हणजे भरतीच्या पाण्याची खूण. पण खाजणात भरतीचं पाणी गवतात शिरतं आणि आत कुठेतरी दिसेनासं होतं. तिथे सर्वेक्षकांनी व्यवहारी मार्ग काढला आणि गवताची बाहेरची कड हाच किनारा धरला. अशा नकाशांच्या अर्थाबद्दल पुढे बारकाईने लिहिलं ते ॲरन शॅलोविट्झ यांनी, आणि हा फरक त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवला आहे. आज कोणी लायडारवरून, म्हणजे विमानातून लेझरने केलेल्या उंचीच्या मोजणीवरून, सरासरी भरतीची उंचीरेषा काढून ती १८५० च्या रेघेवर ठेवली, तर दोन रेघांमधलं अंतर मोजता येईल, पण ते अंतर दोन वेगळ्या गोष्टींमधलं असेल. त्यात भर म्हणजे सरासरी भरतीची पातळी स्वतःच सरकत आली आहे. अमेरिकेत ती १९ वर्षांच्या सरासरीवरून ठरवतात आणि दीर्घकाळ वापरात असलेली सरासरी १९८३ ते २००१ ची आहे. म्हणून आमच्या प्राध्यापकबाईंचा पहिला नियम: गवताची कड, फक्त गवताची कड.

रात्री उशिरापर्यंत एकाच शीटवरची दोन जाळी जुळवत बसलो. मूळ अक्षांश-रेखांश काळ्या शाईत, आणि १९२७ चा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा नवा आधार, आल्यावर नंतर कोणीतरी रंगीत शाईत मारलेल्या खुणा. यातलं कुठलं जाळं धरलं यावर सगळा किनारा सरसकट सरकतो. बेट खरंच पूर्वेकडे सरकलं की आपणच सरकवलं, हे आधी बघावं लागतं.

मंगळवार, स्मिथ आयलंड

टपाल नेणाऱ्या बोटीतून दुपारी यूएलला. स्मिथ आयलंडवर यूएल, ऱ्होड्स पॉइंट आणि टायलरटन अशी तीन गावं, सगळी मिळून दोनशेच्या आसपास वस्ती. पूल नाही. बाजारहाट, डॉक्टर, हायस्कूल सगळं बोटीने. घरांच्या मागे गवत, गवतामागे पाणी आणि पाण्यात खेकड्यांच्या टपऱ्या. कात टाकायला आलेले निळे खेकडे तिथे पन्हाळीसारख्या टाक्यांत ठेवतात आणि कवच सुटल्याबरोबर काढून घेतात. कितीही रात्र असली तरी कोणीतरी उठून बघावंच लागतं.

२०१२ च्या सँडी वादळानंतर राज्याने इथली घरं विकत घेऊन लोकांना मुख्य भूमीवर हलवण्याची योजना मांडली होती. लोकांनी ती नाकारली आणि बेट टिकवण्यासाठी संघटना उभी केली. आम्हाला घेऊन हिंडणारे कॅप्टन त्याबद्दल फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही मोजा. पण मोजून झाल्यावर 'संपलं' असं लिहू नका, म्हणजे झालं."

दुपार उपकरणं लावण्यात गेली. आरटीके या जास्त अचूक जीपीएसचा एक भाग ज्ञात खुणेवर ठेवायचा, दुसरा हातातल्या काठीवर घेऊन चालायचं, आणि दोघांमध्ये रेडिओ. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा कळते. मात्र खाजणात काठी रुतते. म्हणून टोकाला सपाट बूड लावायचं, नाहीतर उंचीचा आकडा चिखलाच्या मऊपणावर ठरतो.

संध्याकाळी स्मिथ आयलंड केक. आठ-दहा पातळ थरांचा. २००८ पासून मेरीलँडचं अधिकृत राज्यमिष्टान्न. कडेपासून कापून थर मोजायला दोन्ही विद्यार्थ्यांनी उत्साहाने हातभार लावला.

बुधवार, मार्टिन अभयारण्य

बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे मार्टिन राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य. विमान कारखानदार ग्लेन मार्टिन यांनी दिलेल्या जमिनीवर १९५४ मध्ये ते सुरू झालं. आत पाय ठेवायला परवानगी लागते आणि ड्रोन उडवता येत नाही, त्यामुळे पायीच. विणीचा हंगाम टाळून आम्ही शरदात आलो होतो, तरी करकोच्यांनी आमची बरीच दखल घेतली.

पश्चिमेची कड बघण्यासारखी आहे. समोर उपसागर पूर्ण रुंदीने उघडा, पलीकडे पोटोमॅक नदीचं मुख. वायव्येचा वारा सुटला की लाटांना वाढायला मैलोगणती मोकळं पाणी मिळतं. त्या लाटा येऊन आदळतात ती कड उतरती नाही, उभी आहे. वर गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला थर, खाली मऊ गाळ. लाटा खालचा गाळ आधी खातात, वरचा थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि एक दिवस भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून मोठं ढेकूळ पाण्यात कलंडतं. ढेकूळ पडलं तरी त्यावरचं गवत लगेच मरत नाही. काही महिने ते हिरवंच राहतं.

इथेच आमची जुंपली. कड कुठली? वरच्या थराचं टोक, पायथा, की पाण्यात पडलेल्या हिरव्या ढेकळाची बाहेरची बाजू? हवाई छायाचित्रात ढेकूळ बेटाला चिकटलेलं दिसतं आणि किनारा पुढे आल्यासारखा वाटतो. पायथा घेतला तर छज्जाखाली काठी जात नाही. शेवटी ठरलं: सलग, उभ्या असलेल्या गवताच्या वरच्या थराचं टोक. कलंडलेलं सगळं सोडून द्यायचं. हा निर्णय नोंदवहीत तारखेसह लिहिला, कारण आणखी काही वर्षांनी दुसरं कोणीतरी इथे येऊन पायथा मोजेल आणि बेट मध्येच झपाट्याने आटलं असं सिद्ध करेल.

चालताना गवत बदलत जातं आणि त्यावरून उंची वाचता येते. पाण्यालगत उंच, रुंद पात्याचं स्पार्टिना आल्टरनिफ्लोरा, त्याच्या खोडांवर पाण्यापासून जीव वाचवून चढलेल्या गोगलगायी. मुळांत रुतलेले पट्टेदार शिंपले, जे कड थोडी बांधून ठेवतात. हातभर उंचीवर गेलात की विंचरून झोपवल्यासारखं दिसणारं बारीक स्पार्टिना पेटन्स. आणि काळसर, टोचणाऱ्या जंकसचे ताटवे, ज्यांत शिरलेला माणूस पुन्हा शिरत नाही.

पण माझ्या मते दिवसातली खरी गोष्ट कडेवर नव्हती, आत होती. गवताच्या मधोमध तळी. काही टोपलीएवढी, काही खेळाच्या मैदानाएवढी. पाण्याची पातळी वाढते तेवढ्या वेगाने खाजण गाळ धरून उंच होऊ शकलं नाही की सखल भागातलं गवत बुडून मरतं, मुळं कुजतात, जमीन आणखी खचते आणि तळं पसरतं. एका ठिकाणी कड आणि तळं यांच्यात गवताची जेमतेम चार पावलांची भिंत उरली होती. ती फुटेल त्या दिवशी तळ्याचा मागचा काठ हाच नवा किनारा होईल. नकाशावर रेघ एका उडीत कितीतरी आत जाईल आणि सरासरी वेगाच्या रकान्यात लाटांच्या नावावर जमा होईल, जरी त्यातली बहुतेक जमीन लाटा पोचण्याआधीच बुडून गेलेली असली तरी. म्हणून तळ्यांचे काठही मोजले आणि संगणकावरच्या नकाशात वेगळ्या थरात ठेवले. वेळ दुप्पट लागला आणि कॅप्टन बोटीत झोपून उठले.

परवानगीत बसत होतं म्हणून आतल्या दोन चौकटींत फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी पसरली. नंतर कधीतरी छोटा गाभा कापायचा आणि पांढऱ्या रेषेवर किती गाळ साचला ते पट्टीने बघायचं. इतकी साधी पद्धत क्वचितच असते.

उत्तरेला फॉग पॉइंटजवळ सँडीनंतरच्या निधीतून बांधलेले दगडी बांध दिसले. त्यांच्या मागे वाळू आणि नवीन लावलेलं गवत. हा भाग मोजला, पण नैसर्गिक किनाऱ्यापासून वेगळी खूण करून ठेवला.

गुरुवार, यूएल

वायव्येचा वारा. बोट निघणार नाही, हे कॅप्टननी झेंड्याकडे न बघताच सांगितलं. इथे भरती-ओहोटीतला फरक साधारण अर्धा मीटरच आहे, त्यामुळे पाणी किती असेल हे चंद्रापेक्षा वारा जास्त ठरवतो. वायव्येचा वारा उपसागरातलं पाणी समुद्राकडे ढकलतो. दुपारपर्यंत धक्क्याचे खांब नेहमी न दिसणाऱ्या शेवाळापर्यंत उघडे पडले.

पश्चिमेच्या कडेला याच दिवसांत मार बसतो. मोठ्या चक्रीवादळांचा गाजावाजा होतो, पण लेओनार्डी, गांजू आणि फागेराझी यांनी २०१६ मध्ये अनेक ठिकाणच्या खाजणांच्या मोजण्या एकत्र करून दाखवलं की दीर्घकाळातल्या एकूण झिजेत अतितीव्र वादळांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. झीज होते ती वर्षात अनेकदा येणाऱ्या मध्यम वादळांनी. कारण काल पाहिलं तेच: महापूर आला की पाणी खाजणाच्या बरंच वर चढतं आणि लाटा गवतावरून निघून जातात. पाणी कडेच्या उंचीला असताना लाट आली, तर ती सगळा जोर उभ्या भिंतीवर काढते. स्मिथ आयलंडवर २००३ च्या इसाबेल चक्रीवादळाच्या पाण्याच्या खुणा लोक अजून दाखवतात. आजच्यासारख्या वाऱ्याची खूण कोणी ठेवत नाही.

मग दिवस संगणकावर. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेची डीएसएएस ही संगणकप्रणाली किनारा मोजणाऱ्यांची नेहमीची सोबतीण. किनाऱ्याला समांतर एक आधाररेषा काढायची, तिच्यावरून ठरावीक अंतरावर काटकोनात ट्रान्सेक्ट, म्हणजे आडव्या रेघा, सोडायचे, आणि प्रत्येक ट्रान्सेक्ट वेगवेगळ्या वर्षांच्या किनाऱ्यांना कुठे छेदतो ते बघायचं. सर्वात जुन्या आणि सर्वात नव्या छेदातलं अंतर भागिले वर्षं, हा एक वेग. सगळ्या छेदांमधून सरळ रेषा बसवून तिचा चढ घेतला, तो दुसरा वेग. लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यावर हे सुरेख चालतं. बेटावर त्रास देतं. टोकाला ट्रान्सेक्ट पंख्यासारखे पसरतात, खाड्यांच्या तोंडाशी एकमेकांना कापतात, आणि बेट आटत गेल्यावर समोरच्या बाजूचा किनारा पकडतात. आर या संगणकभाषेतली ॲम्बर ही आज्ञावली हा दुसरा मार्ग वळणदार किनाऱ्यांसाठी जरा सोयीचा आहे. सकाळभर हाताने ट्रान्सेक्ट दुरुस्त केले.

आता मोजणीतल्या चुकीच्या मर्यादेसंबंधी थोडं, कारण बातम्यांत वेग येतो आणि त्याच्या मागचं ± गळून पडतं. यूएसजीएसच्या राष्ट्रीय मूल्यमापनात १९५० च्या दशकापर्यंतच्या टी-शीटवरच्या किनाऱ्याला एकूण ±१०.८ मीटर अनिश्चितता धरली आहे: प्रत्यक्ष सर्वेक्षणाची १० मीटर, नकाशा जागेवर बसवण्याची ४, रेघ गिरवण्याची १, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. हवाई छायाचित्रांना ±३.२ मीटर, लायडारला ±२.३. समजा एका ट्रान्सेक्टवर कड १५० वर्षांत ३०० मीटर मागे गेली. वेग वर्षाला २ मीटर. टी-शीट आणि लायडार यांची मिळून अनिश्चितता ११ मीटर, ती १५० ने भागली की वर्षाला ०.०७ मीटर. म्हणजे त्या जुन्या, कुरकुरीत कागदावरून काढलेला वेग भक्कम आहे. आता चार वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन झकास छायाचित्रं घ्या. प्रत्येकी ३.२, मिळून साडेचार, भागिले चार: वर्षाला ±१.१ मीटर. वर्षाला एक मीटर झीज झाली असली तर ती या धुक्यात दिसणारच नाही. "गेल्या काही वर्षांत वेग दुप्पट झाला" असं कोणी म्हणालं की मी आधी दोन छायाचित्रांमधलं अंतर विचारतो.

उलट बाजूही आहे. दीडशे वर्षांची सरासरी भक्कम असली तरी मुकी असते. मध्ये कधी बांध घातला, कधी तळं फुटलं, कधी काहीच झालं नाही, हे ती सांगत नाही. म्हणून १९३७-३८ पासूनची हवाई छायाचित्रं मध्ये ओवावी लागतात. गवताची कड वापरण्याचा इथे मोठा फायदा: छायाचित्र घेताना भरती होती की ओहोटी, याने कड हलत नाही.

विद्यार्थिनीने एक चांगला प्रश्न काढला. पॉप्लर आयलंडचं काय? हे बेट इथून बरंच उत्तरेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ११४० एकर होतं, १९९० च्या दशकात चार-पाच एकरांचे तुकडे उरले. १९९८ पासून बाल्टिमोरच्या जहाजमार्गातून उपसलेला गाळ भरून ते पुन्हा उभं केलं आणि आता आराखडा १७१५ एकरांचा आहे. प्रणालीत टाकलं तर निव्वळ वाढ दिसेल. बाई म्हणाल्या, "अगं, ते मोजायचं नाही असं नाही. पण त्याला वेगळा रंग दे."

शुक्रवार, हॉलंड आयलंड

वारा पडला. पहाटेच उत्तरेकडे.

वाटेत ब्लडस्वर्थ. लांबून अगदी स्मिथसारखंच, पण तिथे बोट लावायची नाही. १९४२ पासून १९९६ पर्यंत नौदल त्यावर तोफा आणि बॉम्बचा सराव करत होतं आणि न फुटलेले अजून आत आहेत. त्याचा किनारा फक्त वरून मोजायचा.

हॉलंड आयलंडवर १९१० च्या सुमारास साडेतीनशेच्या वर माणसं राहत होती. सत्तरएक घरं, शाळा, चर्च, टपाल कार्यालय, स्वतःचा बेसबॉल संघ. १९१४ च्या आसपास पश्चिमेची कड गावापर्यंत पोचली. लोकांनी घरं सुटी केली, बोटींवर लादली आणि क्रिसफील्ड वगैरे ठिकाणी पुन्हा उभी केली. १९१८ पर्यंत शेवटचं कुटुंबही निघालं, चर्च १९२२ पर्यंत कसंबसं चालू राहिलं. एकच घर मागे उरलं होतं, १८८८ चं. एका माजी पाद्र्यांनी पंधराएक वर्षं लाकडाचे बांध, दगड, वाळूच्या गोण्या असं करून ते सांभाळलं. ऑक्टोबर २०१० मध्ये ते कोसळलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे पेलिकन होते, पुष्कळ. उतरलो नाही, बोटीतूनच उरलेल्या गवताभोवती फेरी मारली.

इथे एक गोष्ट लख्ख झाली, जी संगणकासमोर बसून सहज निसटते. ट्रान्सेक्टवर वेग काढायचा तर निदान दोन किनारे लागतात. जिथे बेटाचा भाग थोडा मागे गेला, तिथे जुना किनारा आहे, नवा आहे, वेग आहे. जिथे बेट पूर्णच गेलं, तिथे १८५० चा किनारा आहे, आजचा नाही. वेग निघत नाही. ट्रान्सेक्ट गाळला जातो. म्हणजे सगळ्यात मोठं नुकसान ज्या रेघांवर झालं, त्याच रेघा सरासरीतून बाहेर पडतात आणि बेटसमूहाचा सरासरी वेग आहे त्यापेक्षा बरा दिसतो. बेट जितकं जास्त बुडेल तितकी ही सवलत वाढते. यावर उपाय क्षेत्रफळ. प्रत्येक वर्षाचा बंद आकार घ्या, एकरात मोजा, नाहीशा झालेल्या बेटापुढे शून्य लिहा. ते शून्य कुठल्याही सरासरीतून गळत नाही. चेसापीकच्या बेटांचा अभ्यास करणाऱ्यांनी, कर्नी-स्टीव्हन्सन यांनी १९९१ मध्ये आणि रे, लेदरमन, निकोल्स यांनी १९९५ मध्ये, जमिनीचं नुकसान हाच शब्द पुढे ठेवला, त्याचं मोल मला इथे कळलं.

शनिवार, टँजियर

सीमा ओलांडून व्हर्जिनियात. टँजियरवर चारशेच्या आसपास माणसं राहतात. गोल्फच्या गाड्या, अरुंद रस्ते, अंगणांत थडगी. उंच जमीन इतकी कमी की जिवंत आणि मेलेले एकाच पट्ट्यावर.

शुल्टे, ड्रिज आणि हजिन्स यांनी २०१५ मध्ये टँजियरच्या बेटांचा जो हिशेब मांडला, त्यात १८५० पासून ६६.७५ टक्के जमीन गेल्याचं आलं. तो क्षेत्रफळाचाच हिशेब. पश्चिमेला विमानतळाच्या धावपट्टीलगत १९९० च्या सुमारास बांधलेली दगडी भिंत आहे. माझ्या नकाशाच्या थरांत तिथे सगळ्या नव्या किनाऱ्यांच्या रेघा एकावर एक बसतात. त्याआधीच्या रेघा मात्र पाण्यात, लांब लांब. भिंत काम करते यात वाद नाही.

उत्तरेचा भाग अपर्ड्स. तिथे कॅनान नावाची वस्ती होती, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांनी ती सोडली. सँडीनंतर तिथली दफनभूमी उघडी पडली आणि थडग्यांचे दगड किनाऱ्यावर आले. आम्ही तिथे वाळूच्या पातळ पट्ट्यावरून चाललो. ही वाळू खाजणावर चढत चढत आत जाते आणि तिच्या समुद्राकडच्या बाजूने जुन्या खाजणाचा काळा थर पुन्हा बाहेर डोकावतो. गवताची कड इथे नाहीच, वाळूखाली गेली. मग काय मोजायचं? भरतीने सोडलेल्या काड्याकचऱ्याची ओळ घेतली आणि रकान्यात स्पष्ट लिहिलं: वाळू, भरतीची खूण. टी-शीटवरही या तुकड्यावर सर्वेक्षकाने वाळूचे ठिपके टाकले आहेत, त्यामुळे तुलना निभावली.

गावात बऱ्याच जणांचं म्हणणं असं की समुद्र वगैरे वाढत नाही, ही लाटांची झीज आहे. भिंत बांधा, प्रश्न सुटेल. बाहेरचे लोक यावर हसतात, मला हसू येत नाही. कडेपुरतं बघितलं तर हे लोक रोज डोळ्यांनी बघतात तेच सांगतात. फक्त मोजणी कडेवर थांबत नाही. नॉरफोकजवळच्या सेवेल्स पॉइंटला १९२७ पासूनच्या नोंदींत पाण्याची पातळी जमिनीच्या तुलनेत वर्षाला सुमारे ४.७ मिलिमीटर चढलेली आहे. त्यातला मोठा वाटा जमीन खचण्याचा. हिमयुगात उत्तरेकडच्या बर्फाच्या ओझ्याने तिकडची जमीन दबली तेव्हा इकडची थोडी फुगली होती, आणि ओझं उतरल्यावर ती अजून सावकाश खाली बसते आहे. दक्षिण व्हर्जिनियात भूजलाचा उपसा त्यात भर घालतो. वू आणि शुल्टे यांच्या २०२१ च्या अभ्यासात १९६७ ते २०१९ या काळात टँजियरची कोरडी, उंच जमीन ६२ टक्क्यांनी घटल्याचं आहे, आणि ती २०५१ पर्यंत पूर्णपणे पाणथळ होईल असा अंदाज. या घटीचा फार थोडा भाग कडेवर दिसतो. अंगण आधी ओलं होतं, मग तिथे खारं गवत उगवतं. किनाऱ्याची रेघ मात्र जागच्या जागी.

एका आजींनी आम्हाला कुंपणाशी थांबवून विचारलं, "माझ्या घरामागे किती गेलं?" कड तिथून दूर होती. मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "कड नाही रे. हे." आणि पायाखालच्या हिरवळीत उगवलेलं बारीक खारं गवत दाखवलं. त्या गवताची सीमा आम्ही काठी घेऊन मोजली. मूळ आराखड्यात ती नव्हती.

रविवार, परत

जुनी छायाचित्रं आजच्या नकाशावर बसवण्यासाठी सकाळी स्मिथवर जाऊन टायलरटन आणि यूएलमधले असे बिंदू गोळा केले, जे १९३८ च्या छायाचित्रांत आणि आज दोन्हीकडे ओळखू येतील. रस्त्यांचे तिठे, जुने चर जिथे एकमेकांना कापतात ती ठिकाणं, दफनभूमीच्या कुंपणाचे कोपरे. मुख्य भूमीवर असे बिंदू शेकड्यांनी मिळतात, इथे बोटांवर मोजण्याइतके. आणि सगळे गावात, कडेपासून दूर, त्यामुळे छायाचित्र टोकाला ताणलं जातं, नेमकं बसत नाही.

बोटीत अहवालाच्या तक्त्यांवर वाद झाला. एका सहकाऱ्याला बेटागणिक एकच वेग हवा होता, वाचायला सोपा. बाई आणि मी नको म्हणालो. शेवटी ठरलं ते असं: कडेचा वेग, त्याच्यापुढे ± आणि कोणती रेघ मोजली तो रकाना. क्षेत्रफळ, शून्यांसकट. आतल्या तळ्यांचं क्षेत्र वेगळं. कोरड्या जमिनीची सीमा वेगळी, जिथे आहे तिथे. बांधलेला किनारा वेगळ्या रंगात. तक्ता आडव्या पानावरही मावत नाही.

कॅप्टननी तो बघायला मागितला. बराच वेळ बोट घालून वाचला आणि विचारलं, "ऱ्होड्स पॉइंट कुठेय यात?" तिथली छायाचित्रं अजून बसवायची आहेत, पुढच्या आठवड्यात करतो, असं सांगितलं. त्यांनी पत्ता लिहून दिला, छापून पाठवा म्हणाले, संगणकावर नको.